सुईण सांगून ठेवली का? : बाळंतपणाच्या तयारीचा आपल्याकडचा इतिहास

नववा महिना लागला की ओपीडीत मी प्रत्येकीला विचारते, ‘‘तयारी झाली का?’’ उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. पिशवी भरली. जुन्या सुती साड्यांची दुपटी झाली. टोपडं, लंगोट, फाईल, आधार कार्ड सगळं एकत्र ठेवलंय. कुणी मोबाइलवरची यादीही दाखवतं. मग मी दुसरा प्रश्न विचारते, ‘‘कळा सुरू झाल्यावर तुमच्याजवळ कोण असणार?’’ यावर मात्र बाई नवऱ्याकडे बघते आणि नवरा सासूकडे.

आपल्या पणजीच्या काळात हा प्रश्न सगळ्यात आधी सुटलेला असायचा. पिशवी भरायची नव्हतीच, कारण जायचं कुठेच नव्हतं. ‘सुईण सांगून ठेवली का?’ एवढंच विचारलं जायचं. सुईण सांगितलेली असली की अर्धी तयारी झाली. उरलेल्या अर्ध्यात तूप, शेपा, डिंक, गोवऱ्या आणि जुनी लुगडी.

आज या तयारीचा इतिहास सांगणार आहे. जुनं सगळं सोनं होतं असं मला म्हणायचं नाही. त्या काळात आपल्या जिल्ह्यात किती बायका बाळंतपणात गेल्या याची मोजदादही कुणी ठेवली नाही. पण घरातून दवाखान्यात येताना आपण काही गोष्टी योग्यच मागे टाकल्या आणि एक गोष्ट चुकून मागे राहिली. ती कोणती हे कळलं, तर तुमची तयारी वेगळी होईल.

सुरुवात फार मागून करू. चरकसंहितेच्या शारीरस्थानातल्या आठव्या अध्यायात बाळंतपणाच्या तयारीचं सविस्तर वर्णन आहे. नववा महिना लागण्याआधी सूतिकागार, म्हणजे बाळंतिणीची वेगळी खोली, तयार करायला सांगितली आहे. तिथे काय काय हवं याची मोठी यादी आहे. तूप, तेल, मध, सैंधव, विस्तव, पाणी, सुया, लोखंडाची धारदार शस्त्रं, बेलाच्या लाकडाचे दोन पलंग. पिशवीची यादी अशी जुनीच आहे म्हणायची! त्या यादीत माणसंही आहेत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. स्वतः अनेकदा बाळंत झालेल्या, मायाळू, कामात हुशार, न कंटाळणाऱ्या आणि कष्ट सोसणाऱ्या पुष्कळ स्त्रिया तिथे असाव्यात, असं ग्रंथ सांगतो. त्यांनी कळा देणाऱ्या बाईला धीर द्यायचा, गोड बोलायचं, पाठ-कंबर चोळायची.

त्याच अध्यायात एक वादही नोंदवला आहे. कळा सुरू झाल्यावर बाईला मुसळ घेऊन धान्य कांडायला लावावं, असं काहींचं मत होतं. आत्रेयांनी ते खोडून काढलं. गरोदरपणात जड कष्ट वर्ज्य आहेत, तर या नाजूक वेळी ते कशाला? त्यापेक्षा तिने हिंडावं-फिरावं आणि जांभया द्याव्यात. कळ नसताना जोर करू नये, त्याने श्रम वाया जातात आणि बाळालाही अपाय होतो, हेही तिथे आहे. आज लेबर रूममध्ये आम्ही काय सांगतो? आडवं पडून राहू नका, चालत राहा. पिशवीचं तोंड पूर्ण उघडेपर्यंत जोर देऊ नका. चरकातलं सगळंच आजच्या शास्त्राला धरून आहे असं नाही, पण या दोन गोष्टी हजारो बाळंतपणं जवळून पाहणाऱ्यालाच सुचल्या असणार.

ग्रंथातून आता गावात येऊ.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. पाचव्या महिन्यात चोरओटी, सातव्यात डोहाळजेवण, मग मुलगी माहेरी. याकडे आपण हौस म्हणून बघतो. मला यात एक व्यवस्था दिसते. लग्न लहान वयात व्हायचं. सासरी बोलायची चोरी, पाणी मागायचीसुद्धा भीती. अशा मुलीला शेवटचे दोन महिने आईजवळ आणलं की झोप मिळायची, पोटभर जेवण मिळायचं, आणि मुख्य म्हणजे दुखतंय हे मोठ्याने म्हणायची मुभा मिळायची. डोहाळजेवणाला जमलेल्या बायका आपापल्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगत. आजच्या भाषेत तो प्रसूतिपूर्व वर्गच होता म्हणा ना. फरक इतकाच, की त्या वर्गात भीतीही फुकट वाटली जायची. अमकीची वार पडली नाही, तमकी तीन दिवस अडली होती, हे सगळं सातव्या महिन्यातल्या पोरीसमोर चवीने सांगितलं जायचं. अजूनही सांगितलं जातं. तुमच्याकडे कुणी सांगायला लागलं, तर सरळ उठून आत जा. थोडा उद्धटपणा चालेल.

सुईण गावातलीच असायची. बऱ्याचदा ती अशा जातीतली असे, की एरवी तिला उंबऱ्याच्या आत घेत नसत. बाळंतपणाचा विटाळ मानला जाई, म्हणून ते काम तिच्याकडे. तिने नाळ कापायची, वार पुरायची, लुगडी धुवायची, आणि बदल्यात चोळीचा खण, पायलीभर धान्य, नारळ. ज्या हातांवर घराचा वंश अलगद यायचा, त्या हातचं पाणी मात्र चालत नसे. हा आपल्या इतिहासातला लाजिरवाणा भाग आहे, तो झाकून पुढे जाता येणार नाही.

सुईणीकडे काय होतं? अनुभव होता आणि वेळ होता. ती पहिल्या कळेला यायची आणि वार पडेपर्यंत हलायची नाही. कंबर दाबायची, पोटावरून हात फिरवून बाळ कसं आहे ते सांगायची, बाईला भिंतीला टेकून उकिडवं बसवायची. तिला जंतू माहीत नव्हते. नाळ विळ्याने किंवा घरातल्या पात्याने कापली जाई, वर राख किंवा शेण लावलं जाई. त्यातून धनुर्वात व्हायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी बाळ दूध ओढेनासं व्हायचं, अंग कडक व्हायचं, आणि लोक म्हणायचे, बाहेरचं काहीतरी लागलं. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिते असं मानतात, रात्रभर दिवा ठेवून बायका जागतात. धनुर्वात आणि बाळंतिणीचा ताप याच दिवसांत दिसतो. ती जागरणं या अनुभवातूनच आली असावीत असं मला वाटतं.

विटाळाने आणखी एक घोटाळा केला. बाळंतिणीला घरातली सगळ्यात अंधारी खोली मिळाली. खिडकी बंद, शेगडीचा धूर, आणि ‘पाणी जास्त देऊ नका, पोट सुटेल’ असा दंडक. त्याआधी गरोदरपणात ‘जास्त खाऊ नकोस, बाळ मोठं होईल आणि अडेल’ हा सल्ला. अडलेल्या बाईला मात्र काहीच उपाय नव्हता. मूल आडवं असलं किंवा कटी लहान असली, तर सुईण हात टेकायची. ‘बाई अडली’ हे शब्द म्हणूनच आपल्याकडे इतके भीतीचे आहेत. ‘सुटका झाली’, ‘मोकळी झाली’, ‘बाईचा दुसरा जन्म’ ही आपली नेहमीची बोली त्या भीतीतूनच आली आहे.

दूरच्या जगात तेव्हा काय चाललं होतं? 1847 हे साल लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी एडिंबरात जेम्स सिम्प्सन या डॉक्टरने बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला. त्याच वर्षी व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइसने दाखवून दिलं, की शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांनी हात क्लोरीनच्या पाण्यात धुतले तर बाळंतिणी मरायच्या थांबतात. त्याच्या दवाखान्यात दोन वॉर्ड होते. डॉक्टरांच्या वॉर्डातल्या बायका जास्त मरत, सुईणींच्या वॉर्डातल्या कमी. म्हणजे एका काळी दवाखाना घरापेक्षा धोक्याचा होता. ‘दवाखान्यात गेली की बाई परत येत नाही’ ही जुनी भीती केवळ अडाणीपणाची नव्हती.

आपला बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गंमत बघा, क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे का, यावर जगभर गाजलेले प्रयोग याच संस्थानाच्या राजधानीत झाले. 1888 आणि 1889 मध्ये डॉक्टर एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने आणि निजामाच्या पैशाने दोन ‘हैदराबाद क्लोरोफॉर्म कमिशन’ बसली. लॉरींच्या निष्कर्षातला काही भाग पुढे चुकीचा ठरला, तो विषय वेगळा. याच हैदराबादेत रूपाबाई फर्दूनजी क्लोरोफॉर्म देण्याचं काम करत होत्या. जगातल्या पहिल्या महिला भूलतज्ज्ञांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. पण राजधानीतलं हे शास्त्र बालाघाटच्या डोंगरातल्या वाडीपर्यंत कसं पोचणार? तिथे तेव्हाही विळा आणि राखच होती.

मराठी मुलखात याच सुमारास आनंदीबाई जोशी होत्या. वयाच्या चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं. 1886 मध्ये त्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. अमेरिकेत बसून एवढा जुना विषय त्यांनी का घेतला असेल, हे वेगळं सांगायला नको. त्या 1887 मध्ये वारल्या, प्रॅक्टिस करायला मिळालीच नाही.

आता शेजारी येऊ. आष्टी-पाटोद्याची माणसं जामखेडला बाजाराला जातात, इतकं ते जवळ. जिल्हा तेवढा वेगळा, तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं तिथे आलं. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेले. त्यांना लवकरच कळलं, की दवाखान्यात येणारी बाई उशिरा येते, आणि बऱ्याच जणी येतच नाहीत. नर्सही खेड्यात राहायला तयार नसत. मग त्यांनी गावाकडूनच एक बाई मागितली. गावाने निवडलेल्या या बायका बहुतेक निरक्षर होत्या, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, शिकत, रात्री एकत्र राहत आणि गावी परत जात.

त्यांनी शिकलेल्या गोष्टी आज साध्या वाटतात. हात साबणाने धुवायचे, नखं कापायची. नाळ उकळलेल्या नव्या पात्याने कापायची आणि तिला काहीही लावायचं नाही. गरोदर बाईला जास्त खायला लावायचं. धनुर्वाताची सुई चुकवू द्यायची नाही. बाळ आडवं असेल, पायावर सूज येऊन डोकं दुखत असेल, अंगावरून लाल जात असेल, तर घरी थांबायचं नाही. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एकाच पंगतीत बसून जेवायचं. ज्या बाईला विटाळाचं काम म्हणून बोलावत, तीच आता गावाला आरोग्य शिकवू लागली. आरोळे दांपत्याला 1979 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

याच कामातल्या मुक्ताबाई पोळ 1988 मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेत बोलल्या. सभागृहातल्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी सांगितलं, की मोठे डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर आणि महाग, पण त्यांच्यापाशी पोचायला लांबून यावं लागतं. मग त्यांनी पिशवीतून छोटे दिवे काढले. एका दिव्याने दुसरा लावता येतो, झुंबराला ते जमत नाही. मी स्वतः झुंबराच्या बाजूची, पण हे बोलणं मला पटतं.

सरकारी पातळीवर हीच वाट हळूहळू रुंद होत गेली. सत्तरच्या दशकात गावोगावच्या दायांना प्रशिक्षण आणि स्वच्छ प्रसूतीची पेटी मिळू लागली. त्याच दशकात अंबाजोगाईत ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं आणि अडलेल्या बाईला सिझेरियनसाठी औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठायची गरज उरली नाही. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना आली, गावात आशाताई आल्या. 2011 मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातली प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी मोफत केली. 2014 पासून महाराष्ट्रात 108 ची गाडी धावू लागली. परिणाम आकड्यांत दिसतो. 2005-06 मध्ये महाराष्ट्रात 100 पैकी सुमारे 65 बाळंतपणं दवाखान्यात होत होती, 2019-21 मध्ये सुमारे 95. एक लाख जिवंत जन्मांमागे मरणाऱ्या माता 2004-06 मध्ये 130 होत्या, 2018-20 मध्ये 33. 2015 मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. विळा आणि राख संपली. पाचवीच्या रात्री जागणाऱ्या बायकांना आता निवांत झोपायला हरकत नाही.

म्हणून ‘पूर्वी घरीच व्हायचं की सगळं’ असं कुणी म्हणालं, तर हे आकडे त्यांना सांगा. बाळंतपण दवाखान्यातच करायचं.

पण सुईणीचं काय झालं? तिच्यातली चूक सुधारायची होती. आपण तिच्याबरोबर तिचं बसून राहणंही घालवलं. लेबर रूमचं दार लागलं, नातेवाईक बाहेर, बाई आत. सिस्टर एक आणि खाटा चार. पहिलटकरीण रात्रभर छताकडे बघत पडलेली, शेजारच्या खाटेवरचं ओरडणं ऐकत. काही ठिकाणी तिला रागावून बोललं गेलं, हेही आपल्या क्षेत्रातल्या माणसांनी कबूल करायला हवं.

भीतीने कळा वाढतात का? इंग्लंडमधले डॉक्टर ग्रँटली डिक-रीड 1930 च्या दशकात हेच म्हणत होते. भीती वाटली की अंग आखडतं, अंग आखडलं की जास्त दुखतं, जास्त दुखलं की भीती वाढते. त्यांचं सगळंच बरोबर नव्हतं. कळा भीतीमुळेच येतात असं कुणी म्हणालं तर बाईचा अपमान होईल, कळा खऱ्याच असतात. तरी त्यांच्या विचारात तथ्य होतं, हे पुढे ग्वाटेमालातल्या अभ्यासाने दाखवलं. तिथल्या दवाखान्यात बायका एकट्या बाळंत होत, नातेवाइकांना आत घेत नसत. संशोधकांनी काही जणींजवळ एक साधी, अनोळखी बाई बसवली. नर्स नाही, डॉक्टर नाही. तिने फक्त पाठ चोळायची, हात धरायचा, बोलायचं. 1980 मध्ये निकाल छापून आले. सोबत असलेल्या बायका निम्म्याहून कमी वेळात बाळंत झाल्या. इतका मोठा फरक नंतरच्या सगळ्या अभ्यासांत दिसला नाही. पण 2017 पर्यंतच्या 26 चाचण्या, पंधरा हजारांहून जास्त स्त्रिया, एकत्र तपासल्या तेव्हा दिशा तीच निघाली. सतत कुणी सोबत असेल तर नॉर्मल प्रसूतीचं प्रमाण वाढतं, सिझेरियन कमी होतात, कळांचा काळ थोडा कमी होतो.

2016 मध्ये आपल्या केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत प्रसूतीवेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली. ती कशी असावी? नात्यातली स्त्री, शक्यतो स्वतः बाळंतपण अनुभवलेली, शेवटपर्यंत थांबायला तयार, कसला संसर्ग नसलेली. चरकाची यादी आठवली का?

आता आपल्या जिल्ह्याची अडचण. दसरा-दिवाळीत इथून लाखो माणसं ऊसतोडीला जातात. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे, थेट कर्नाटकापर्यंत. उचल नवरा-बायको मिळून एका कोयत्यावर घेतलेली असते. बायको गेली नाही तर कोयता अर्धा, एक दिवस चुकला तर खाडा. त्यामुळे सातव्या-आठव्या महिन्यातली बाई मोळ्या वाहताना दिसते. जी माहेरी राहते, तिचं माहेरही फडावर गेलेलं असतं. आई कोपीत, घराला कुलूप, किंवा घरी फक्त म्हातारी आजी. शेकडो वर्षांची माहेरची व्यवस्था नोव्हेंबर ते मार्च या काळात आपल्या वाड्यांमध्ये बंद असते. त्यात लग्नं लवकर होतात. राष्ट्रीय पाहणीनुसार जिल्ह्यातल्या 20 ते 24 वर्षांच्या दर दहा बायकांपैकी चारहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. म्हणजे पहिलटकरीण अजून पोरसवदा, आणि जवळ कुणी नाही.

म्हणून दिवस हंगामात भरणार असतील, तर सोबत कोण हा प्रश्न दसऱ्याच्या आधी सोडवा. जमत असेल तर जाऊ नका. मला माहीत आहे, हे सांगणं सोपं आहे, उचल माझ्या डोक्यावर नाही. जावंच लागलं तर आशाताईंना कारखान्याचं आणि गावाचं नाव सांगून जा. माता-बाल कार्ड, सोनोग्राफीचे रिपोर्ट, रक्तगटाचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सोबत न्या, कोपीत ओल लागते. फडावर पोचल्याच्या आठवड्यात जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र बघून या. तुम्ही तिथल्या नाहीत म्हणून कुणी परत पाठवू शकत नाही, मोफत प्रसूतीचा हक्क कुठल्याही सरकारी दवाखान्यात आहे. टोळीतली एक जाणती बाई आजच सांगून ठेवा, आणि कळा लागल्या तर दोघींचा खाडा धरायचा नाही हे मुकादमाशी नवऱ्याने आधीच बोलून ठेवावं.

गावात असाल तर काम सोपं. आई, सासू, जाऊ, मोठी बहीण, यांपैकी कोण? प्रेम कुणाचं जास्त यापेक्षा तुम्हाला कुणासमोर ओरडायला संकोच वाटत नाही, हे बघून ठरवा. जी स्वतःच घाबरून रडते ती बाहेर बसलेली बरी. ठरलेल्या बाईला नवव्या महिन्यात एकदा तपासणीला बरोबर आणा. आमच्याशी तिची ओळख होऊ द्या, आणि प्रसूतीवेळी तिला आत थांबू देणार का हे तिथेच विचारा. ‘नाही’ म्हणाले तर 2016 च्या मान्यतेची आठवण करून द्या, नम्रपणे.

तिला शिकवायचं फार काही नाही. कळ आली की कंबरेच्या खालच्या भागावर तळहाताने दाबायचं, कळ गेली की सोडायचं. श्वास हळू सोडायला लावायचा, मेणबत्ती न विझवता ज्योत हलवल्यासारखा. घोट घोट पाणी द्यायचं, डॉक्टरांनी मना केलं असेल तर नाही. दर तासाला लघवीला उठवायचं. आणि ‘जोर दे, जोर दे’ असं स्वतःच्या मनाने म्हणायचं नाही.

पहिल्या वेळी वेळ लागतो, हे दोघींनी मनाशी धरून ठेवा. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतच्या कळा मंद आणि लांबलेल्या असतात, त्यात एखादा दिवसही जातो. त्यानंतर पहिलटकरणीला बारा तासांपर्यंत लागणं नेहमीचं आहे. ‘शेजारची दोन तासांत मोकळी झाली’ हे ऐकून गावातल्या कुणाकडून कळा वाढवायची सुई घेऊ नका. त्या सुईने पिशवी फाटलेल्या बायका दवाखान्यात येतात. दुखणं सोसवत नसेल तर तसं सांगा. काही ठिकाणी पाठीतून देण्याच्या औषधाची सोय आहे, नसेल तिथे दुसरे उपाय आहेत. सिझेरियन करावं लागलं तर तुम्ही कुठे कमी पडलात असं नाही. अडलेल्या बाईला पूर्वी जे मिळत नव्हतं, तेच तुम्हाला मिळतंय.

निघायचं केव्हा? दर पाच मिनिटांनी कळ, एक मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललं की निघा. दवाखाना तासाभराच्या वाटेवर असेल, मध्ये घाट असेल, तर दहा मिनिटांच्या कळांवरच निघा. पाणी गेलं, लाल गेलं, बाळाचं हलणं कमी झालं, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, झटका आला, ताप आला, यांपैकी काहीही असेल तर कळांची वाट बघू नका, 108 लावा. गाडी यायला उशीर झाला तर कुणाची जीप, हे आधी ठरलेलं हवं, आणि त्या माणसाचा नंबर तुमच्या फोनमध्येही हवा, नुसता नवऱ्याच्या नव्हे. तुमच्या रक्तगटाचे दोन जण विचारून ठेवा. रक्तगट निगेटिव्ह असेल तर हे आठव्या महिन्यातच करा.

पुढच्या तपासणीला याल तेव्हा मी पिशवीचं विचारणार नाही. सांगून ठेवलेल्या बाईला बरोबर घेऊन या. बाहेर बाकावर जागा नसेल तर सरळ आत या.